टाइमलाइनवर हिरवागार शालू, टीव्हीवर राखाडी: एक्सपोर्टमधले फिके रंग कसे शोधायचे

खानापूर तालुक्यातल्या एका लग्नाची फिल्म मी मागे केली होती. लग्नानंतरच्या पूजेला घरात सगळे जमले, लॅपटॉप एचडीएमआयच्या वायरनं टीव्हीला जोडला आणि फिल्म लावली. नवरीचा हिरवा शालू वाळलेल्या शेवाळासारखा दिसत होता. मांडवाच्या मागचा रात्रीचा काळोख तर चुलीतल्या राखेसारखा. नवरीच्या आईनं थोडा वेळ बघितलं आणि हळूच विचारलं, "दादा, शालू असा फिक्कट का दिसूलालाय? अंगावर तर गडद होता की."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन रात्रभर बसलो, अख्ख्या फिल्मचा कॉन्ट्रास्ट वाढवला, सॅच्युरेशन चढवलं, पुन्हा एक्सपोर्ट केलं, म्हणजे तयार फाइल काढली. सकाळी ती फाइल पाहुण्यांच्या फोनवर गेली. तिथं नवरदेवाचा कोट, मागची कनात आणि मामांचे केस मिळून एकच काळा डाग झाला होता, आणि हळदीच्या चेहऱ्यांवर नारिंगी चट्टे उठले होते. पहिली फाइल बरोबर होती. चूक माझ्या लॅपटॉपच्या एका सेटिंगमध्ये होती. एका क्लिकच्या कामासाठी मी चांगली फिल्म बिघडवली होती, आणि त्या माउलीला दोनदा खराब फिल्म दाखवली होती.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात लग्नं, लक्ष्मी यात्रा, शिवजयंतीचे चित्ररथ, भजनी मंडळांचे कार्यक्रम स्वतः शूट करून स्वतःच एडिट करणारी बरीच मुलं-मुली आता तयार होत आहेत. त्यांच्याकडून एकच प्रश्न सारखा येतो: टाइमलाइनवर (सॉफ्टवेअरमध्ये क्लिप जोडतो त्या पट्टीवर) छान दिसतं, एक्सपोर्ट केलं की फिकं पडतं, काय करू? त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहून ठेवतो. पुढच्या सगळ्या पायऱ्यांच्या आधी एक गोष्ट पक्की करा. फिकेपणा नेमका कुठं शिरला हे कळेपर्यंत ग्रेडिंगला, म्हणजे रंग-उजेड बदलायला, हात लावायचा नाही. कॉन्ट्रास्टचा स्लायडर शेवटी. बहुतेक वेळा त्याची गरजच पडत नाही.

आधी हे समजून घ्या

व्हिडिओ फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. त्या आकड्यांचा रंग करायचं काम प्लेअर, ग्राफिक्स कार्ड आणि स्क्रीन करतात. आणि एकच आकडा वेगवेगळ्या मापात वेगळा अर्थ सांगतो. आमच्याकडे आज्जी अजून शेर-पायलीत बोलते आणि दुकानदार किलोत. आज्जीनं नुसतं "चार दे" म्हटलं आणि दुकानदारानं किलो धरले, तर तांदूळ चुकीचेच येणार. आकडा बरोबर, माप वेगळं. फाइल आज्जीसारखी आहे. तिच्यासोबत एक चिठ्ठी जाते, तिला आपण टॅग म्हणतो. त्यात लिहिलेलं असतं: माझे आकडे या मापातले आहेत, ते असे वाचा. चिठ्ठी हरवली, चुकीची लिहिली गेली किंवा समोरच्यानं वाचलीच नाही, तर शालूचं शेवाळ होतं.

म्हणून शोधायचं काय, तर आकडे बिघडलेत, चिठ्ठी चुकलीय, की वाचणाऱ्याची चूक आहे.

पायरी पहिली: दहा सेकंदांची चाचणी फाइल बनवा

तीन तासांची फिल्म पुन्हा पुन्हा एक्सपोर्ट करत बसू नका. तुमच्याच फुटेजमधून दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा काढा. सुरुवातीला दोन सेकंद पूर्ण काळं कार्ड, मग दोन सेकंद पूर्ण पांढरं कार्ड, मग एक राखाडी. ही तिन्ही सॉफ्टवेअरमध्येच तयार करा, शूट करून नकोत. त्यांच्या मागे तीन शॉट: एक चेहऱ्याचा जवळून घेतलेला, एक गडद रंगाच्या साडीचा, आणि एक ज्यात पिवळा भरपूर आहे असा.

पिवळ्यासाठी माझ्याकडे एका गावच्या लक्ष्मी यात्रेतला शॉट कायम ठेवलेला आहे. रथाभोवती भंडारा उधळलाय, माणसं, बैल, रस्ता सगळं हळदीनं माखलंय. भंडाऱ्याचा पिवळा फार लवकर चुगली करतो. फाइलमध्ये थोडा जरी घोळ असला तरी तो एकतर बेसनासारखा पांढुरका पडतो नाहीतर नारिंगीकडे झुकतो. आणि आपल्या भागातल्या कुठल्याही माणसाला भंडारा कसा दिसतो हे माहीत असतं, त्यामुळे डोळा फसत नाही.

ही छोटी फाइल एक्सपोर्ट करायला मिनिटही लागत नाही. पुढची सगळी तपासणी हिच्यावर.

पायरी दुसरी: फाइल परत टाइमलाइनवर आणा

ही पायरी नवी मुलं हमखास गाळतात, आणि निम्मं उत्तर इथंच आहे. एक्सपोर्ट झालेली फाइल त्याच प्रोजेक्टमध्ये इम्पोर्ट करा आणि मूळ क्लिपच्या बरोबर वरच्या ट्रॅकवर ठेवा. वेव्हफॉर्म स्कोप, म्हणजे चित्राचा उजेड दाखवणारा आलेख, उघडा. वरचा ट्रॅक चालू-बंद करत बघा. काळं कार्ड तळाशी शून्यावर आहे का, पांढरं शंभरावर आहे का, दोन्ही वेळा आलेख एकाच जागी राहतो का?

आणखी बारकाईनं बघायचं असेल तर वरच्या क्लिपचा ब्लेंड मोड डिफरन्स करा, म्हणजे दोन्ही चित्रांतला फरक तेवढा दिसतो. दोन्ही सारखे असतील तर पडदा काळा होतो. कॉम्प्रेशनमुळे कडांना थोडी कुजबुज दिसेल, तिच्याकडे दुर्लक्ष करा. पण चेहऱ्याची किंवा साडीची स्पष्ट आकृती दिसत राहिली, तर आकडे खरोखर बदललेत.

आलेख जुळला, म्हणजे फाइलचे आकडे ठीक आहेत आणि फिकेपणा प्लेअर, ग्राफिक्स कार्ड, टीव्ही यांपैकी कुठंतरी आहे. नाही जुळला, तर एक्सपोर्टच्या सेटिंगमध्ये किंवा मूळ क्लिपच्या वाचनात गडबड आहे. इतकं कळलं तरी रात्रभराचं काम वाचतं.

पायरी तिसरी: फिकेपणाची जात ओळखा

सगळा फिकेपणा सारखा नसतो. चाचणी फाइल समोर लावा आणि नीट बघा.

काळं कार्ड राखाडी दिसतंय आणि पांढरं मळकं दिसतंय, म्हणजे दोन्ही टोकं आत ओढली गेलीत, तर ती लेव्हल्सची, म्हणजे रेंजची चूक. आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडते ती हीच.

काळं काळंच आहे, पांढरं पांढरंच आहे, पण मधला भाग, चेहरे, सावल्या, थोडे उजळून हलके झालेत, तर तो गॅमाचा, म्हणजे मधला उजेड किती दाखवायचा या मापाचा प्रकार. मॅकवर हमखास.

काळा, पांढरा, राखाडी तिन्ही जागेवर आहेत, पण लाल थोडा नारिंगी झाला आणि हिरवा काळपटला, तर मॅट्रिक्सची गल्लत आहे. जुन्या एसडी व्हिडिओचं मानक बीटी.६०१ आणि एचडीचं बीटी.७०९ यांत आकड्यांवरून रंग काढायचं सूत्र वेगळं आहे. ६०१ नं लिहिलेलं ७०९ नं वाचलं की असं होतं. जुन्या कॅसेटवरून काढलेलं फुटेज किंवा फोटोंपासून बनवलेला स्लाइड शो एचडी टाइमलाइनमध्ये घालताना हे बघा. उपाय इतकाच की क्लिपच्या गुणधर्मांत योग्य रंगमानक निवडायचं.

सगळंच दुधात बुडवल्यासारखं, चेहऱ्यावर रक्तच नसल्यासारखं दिसत असेल, तर क्लिप लॉगमधली (मुद्दाम फिकं साठवलेली) किंवा एचडीआरमधली (नेहमीपेक्षा जास्त उजेड साठवलेली) आहे आणि तिचं रूपांतर झालेलं नाही.

आता एकेक करून.

पायरी चौथी: लेव्हल्स

इथं जरा थांबून समजून घ्या, कारण खानापूरच्या त्या फिल्मची चूक हीच होती.

आठ-बिट व्हिडिओत उजेडाला ० ते २५५ असे आकडे मिळतात. कॉम्प्युटरच्या जगात ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. पण टीव्ही-व्हिडिओच्या जगात पूर्वीपासून १६ म्हणजे काळा आणि २३५ म्हणजे पांढरा धरतात. खाली-वर थोडी जागा मोकळी ठेवलेली असते. रंगाच्या घटकांसाठी ती मर्यादा १६ ते २४० असते. दहा-बिटमध्ये उजेडासाठी हेच आकडे ६४ आणि ९४० होतात. पहिल्या प्रकाराला फुल म्हणतात, दुसऱ्याला लिमिटेड किंवा व्हिडिओ रेंज.

आता समजा फाइल लिमिटेड आहे आणि वाचणाऱ्यानं ती फुल समजली. तर १६ हा आकडा काळा म्हणून दिसायच्या ऐवजी २५५ पैकी १६, म्हणजे साधारण ६ टक्के उजेडाचा राखाडी म्हणून दिसतो. २३५ हा पांढरा न दिसता ९२ टक्क्यांवर अडकतो. काळा राखेसारखा, पांढरा धुळकट. उलट झालं, म्हणजे फुल फाइल लिमिटेड समजून वाचली, तर काळे भाग एकमेकांत मिसळून डाग होतात आणि पांढरे भाजतात. माझ्या बिघडवलेल्या फिल्मचे काळे डाग आले ते मात्र मी चढवलेल्या कॉन्ट्रास्टमुळे. दोन्ही दिसायला सारखे, म्हणून स्कोप बघायची सवय लावा.

एक्सपोर्टला ठेवायचं काय? लग्न, यात्रा, यूट्यूब, पेनड्राइव्ह, सगळ्यांसाठी लिमिटेड. "फुल म्हणजे जास्त चांगलं" असं वाटून अनेक जण तो पर्याय निवडतात. त्यानं दर्जा वाढत नाही, फक्त घोळ वाढतो. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये डिलिव्हर पानावर व्हिडिओच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये डेटा लेव्हल्स असतं. ते ऑटोवर ठेवा, एच.२६४ साठी (फाइल लहान करायची नेहमीची पद्धत) ते स्वतःच व्हिडिओ रेंज घेतं. एखादी क्लिप मुळातच चुकीची वाचली जात असेल, तर मीडिया पूलमध्ये तिच्यावर राइट क्लिक करून क्लिप अॅट्रिब्यूट्समध्ये डेटा लेव्हल्स बदला. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरनं स्क्रीन किंवा ऑनलाइन कार्यक्रम रेकॉर्ड करत असाल, तर सेटिंग्जच्या अॅडव्हान्स्ड भागात कलर रेंज लिमिटेड आणि कलर स्पेस ७०९ ठेवा.

आता कॉम्प्युटरची बाजू. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्याच्या कंट्रोल पॅनलमध्ये दोन वेगळ्या जागा आहेत आणि दोन्हींची गल्लत होते. पहिली, चेंज रिझोल्यूशनच्या पानावर आउटपुट डायनॅमिक रेंज: ही अख्ख्या स्क्रीनला जाणाऱ्या सिग्नलची. दुसरी, अॅडजस्ट व्हिडिओ कलर सेटिंग्जमध्ये अॅडव्हान्स्डखाली डायनॅमिक रेंज: ही फक्त प्लेअरमध्ये चालणाऱ्या व्हिडिओची. डेस्कटॉप, फोटो, वेबसाइट सगळं ठीक आणि फक्त व्हिडिओच फिका असेल, तर दुसरी जागा बघा आणि फुल करा. डेस्कटॉपसुद्धा फिका दिसत असेल, तर पहिली. इंटेलच्या ग्राफिक्समध्ये याच गोष्टीला क्वांटायझेशन रेंज म्हणतात.

एचडीएमआयनं टीव्ही जोडलात की दोन्ही टोकांना एकच माप हवं. लॅपटॉप लिमिटेड पाठवत असेल तर टीव्हीनं लिमिटेडच धरायला हवं, फुल पाठवत असेल तर फुल. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ब्लॅक लेव्हल किंवा डायनॅमिक रेंज अशा नावाचा पर्याय असतो. त्या घरी माझा लॅपटॉप लिमिटेड पाठवत होता आणि टीव्ही त्याला फुल समजत होता. मंगल कार्यालयात एलईडी वॉलवर फिल्म लावायची असेल, तर पाहुणे यायच्या आधी काळं कार्ड आणि पांढरं कार्ड त्या वॉलवर एकदा दाखवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

पायरी पाचवी: फोनचे एचडीआर शॉट

हल्लीच्या लग्नांत हा प्रकार फार वाढलाय. मुख्य कॅमेरा आपला, पण हळदीच्या आधीची गडबड, गाडीतली वरात, मुलींचा नाच हे सगळं घरातल्या कुणीतरी आयफोनवर घेतलेलं असतं. नवरीची बहीण येऊन सांगते, "भाऊ, हे बी घाला हं." आणि घातलं की आपल्या कॅमेऱ्याच्या शॉटशेजारी ते एकतर पांढरट किंवा डोळ्यांवर येणारे दिसतात.

कारण असं: आयफोन १२ पासून, म्हणजे २०२० पासून, आयफोन डॉल्बी व्हिजन एचडीआरमध्ये रेकॉर्ड करू शकतो. त्याच्या मुळाशी एचएलजी नावाची उजेडाची वक्ररेषा आणि बीटी.२०२० हे मोठं रंगक्षेत्र असतं. बीटी.२०२० मधले रंग जर ७०९ समजून वाचले, तर मोठ्या पातेल्यात तेवढंच तिखट घातल्यासारखं होतं. सगळे रंग मिळमिळीत. आणि एचएलजीचा उजेड न उतरवता साध्या टाइमलाइनवर आला, तर कपाळ, पांढरे फेटे, दिव्यांच्या माळा जळून जातात.

सगळ्यात सोपा उपाय शूटिंगच्या आधीचा. घरच्यांना सांगा: सेटिंग्ज, मग कॅमेरा, मग रेकॉर्ड व्हिडिओ, तिथं एचडीआर व्हिडिओ बंद करा. लग्नाच्या आदल्या दिवशी हा निरोप सगळ्यांना पाठवायची सवय मी लावून घेतलीय.

पण क्लिप आलीच असेल, तर प्रीमिअर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आधी सिक्वेन्सचं, म्हणजे टाइमलाइनचं, वर्किंग कलर स्पेस रेक.७०९ (म्हणजेच बीटी.७०९) आहे का ते बघा. आयफोनची क्लिप ओढून त्यावरून नवा सिक्वेन्स केलात, तर तो सिक्वेन्सच एचएलजीचा बनू शकतो, आणि मग सगळंच एक्सपोर्ट विचित्र निघतं. हे फार मुलांच्या लक्षात येत नाही. सिक्वेन्स नेहमी आपल्या मुख्य कॅमेऱ्याच्या क्लिपवरून बनवा. मग सिक्वेन्स सेटिंगमध्ये ऑटो टोन मॅप चालू ठेवा. तो एचडीआरचा उजेड ७०९ मध्ये बसवतो. तरी क्लिप चुकीची दिसली, तर तिच्या मॉडिफायमध्ये जाऊन कलर स्पेस ओव्हरराइड करता येतं.

रिझॉल्व्हमध्ये मला कलर स्पेस ट्रान्सफॉर्म हा इफेक्ट वापरणं सोपं वाटतं, कारण काय होतंय ते समोर दिसतं. इनपुट कलर स्पेस रेक.२०२०, इनपुट गॅमा रेक.२१०० एचएलजी, आउटपुट कलर स्पेस रेक.७०९, आउटपुट गॅमा २.४. टोन मॅपिंग चालू. हा पहिला नोड, म्हणजे रंगकामाचा पहिला टप्पा. बाकीचं ग्रेडिंग त्याच्या पुढच्या नोडवर. त्याच फोनचे सगळे शॉट एका ग्रुपमध्ये घेतले की एकदाच करावं लागतं.

विंडोजवाल्यांनी आणखी एक बघा. मॉनिटर एचडीआरचा असेल आणि विंडोजमध्ये एचडीआर चालू असेल, तर साधे, म्हणजे एचडीआर नसलेले, एसडीआर व्हिडिओसुद्धा फिके दिसू शकतात. विंडोज ११ मध्ये विंडोज, ऑल्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबली की एचडीआर चालू-बंद होतं. एडिटिंग करताना ते बंद असू द्या.

पायरी सहावी: लॉग

सोनीचे मिररलेस कॅमेरे आता लग्नाच्या कामात खूप दिसतात. कुणीतरी सांगितलं म्हणून मुलं थेट एस-लॉग३ मध्ये शूट करतात. लॉगमध्ये दृश्य मुद्दामच फिकं साठवलेलं असतं, म्हणजे उजेड-अंधार दोन्हींतले बारकावे टिकतात. एस-लॉग३ मध्ये १८ टक्के राखाडी ४१ टक्क्यांवर बसतो आणि पांढरा कागद साधारण ६१ टक्क्यांवर. म्हणजे रूपांतर न करता एक्सपोर्ट केलं, तर पांढरा कधीच पांढरा होणार नाही.

त्यामुळे आधी एस-लॉग३ वरून ७०९ चं रूपांतर, मग बाकीचं. रूपांतर केलेलं असूनही एक्सपोर्ट फिकं येत असेल, तर दोन गोष्टी तपासा. लट (रंग बदलणारी तयार फाइल) फक्त बघण्यापुरता, म्हणजे मॉनिटरवर लावलाय का? तसा लावलेला लट एक्सपोर्टमध्ये उतरत नाही. आणि अॅडजस्टमेंट लेयर (खालच्या सगळ्या क्लिपना एकदम लागणारा थर) शेवटपर्यंत ओढलाय का? पाठवणीचे शॉट नंतर जोडले आणि लेयर तिथपर्यंत पोचलाच नाही, हे मी अनेकांच्या टाइमलाइनवर बघितलंय. शेवटची चार मिनिटं फिकी असली की आधी तिथं बघा.

नव्यांना माझं मत विचाराल तर पहिली पन्नास लग्नं लॉगशिवाय करा. आठ-बिट कॅमेऱ्यावर लॉग ताणला की कार्यालयाच्या मंद उजेडात चेहऱ्यावर पट्टे आणि दाणे उठतात. साध्या प्रोफाइलमध्ये नीट एक्स्पोज केलेला शॉट त्यापेक्षा कितीतरी सुंदर दिसतो.

पायरी सातवी: मॅक आणि गॅमा

मॅकवर एडिट करणाऱ्यांचा अनुभव असा: प्रीमिअर किंवा रिझॉल्व्हमध्ये छान, क्विकटाइममध्ये फिकट, व्हीएलसीमध्ये पुन्हा वेगळं. फाइलवर ७०९ चा टॅग असला की मॅकची रंगव्यवस्था ती साधारण १.९६ गॅमानं दाखवते. टीव्हीसाठीचं मानक, २०११ चं बीटी.१८८६, २.४ धरतं. वेबवर काम करणारे सहसा २.२ धरतात. आकडा कमी तितका मधला भाग उजळ, म्हणून क्विकटाइममध्ये चित्र हलकं वाटतं.

नव्या प्रीमिअरमध्ये लुमेट्री या रंगाच्या पॅनलमध्ये सेटिंग्ज टॅबखाली व्ह्यूअर गॅमा आहे: १.९६, २.२ आणि २.४. त्यानं फाइल बदलत नाही, तुम्हाला कसं दिसतं ते बदलतं. रिझॉल्व्हमध्ये मॅक डिस्प्ले कलर प्रोफाइल वापरायचा पर्याय प्रेफरन्सेसमध्ये आहे, आणि एक्सपोर्टचा गॅमा टॅग रेक.७०९-ए ठेवला की क्विकटाइममधलं चित्र व्ह्यूअरशी जुळतं.

क्विकटाइमसाठी म्हणून चित्र मुद्दाम गडद करणारा लट लावून एक्सपोर्ट करायचा सल्ला तुम्हाला मिळेल. मी तो देत नाही. आपल्या गिऱ्हाइकाच्या घरी टीव्ही असतो आणि हातात अँड्रॉइड फोन. मॅकवर बरं दिसावं म्हणून गडद केलेली फाइल तिथं काळवंडणार.

पायरी आठवी: चिठ्ठी वाचा

मीडियाइन्फो हे फुकटचं छोटं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर असायलाच हवं. फाइल त्यात टाका आणि व्हिडिओच्या भागात चार ओळी शोधा: कलर रेंज, कलर प्रायमरीज, ट्रान्सफर कॅरॅक्टरिस्टिक्स, मॅट्रिक्स कोइफिशिअंट्स. पहिली लिमिटेड आणि बाकी तिन्ही बीटी.७०९ असतील, तर साध्या एचडी कामासाठी चिठ्ठी बरोबर आहे. तिथं बीटी.२०२० किंवा एचएलजी दिसलं, तर पाचव्या पायरीकडे परत जा. ओळीच नसतील, तर प्रत्येक प्लेअर आपापल्या अंदाजानं वाचणार, आणि एका फोनवर ठीक, दुसऱ्यावर फिकं असा प्रकार होणार.

आकडे बरोबर आणि फक्त चिठ्ठी चुकलेली असेल, तर पुन्हा रेंडर करायची गरज नाही. एफएफएमपेग या कमांडनं चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एच.२६४ चा मेटाडेटा बदलणारा फिल्टर आहे. तो चित्राला हात न लावता फक्त टॅग बदलतो, आणि त्यात ७०९ साठी तिन्ही ठिकाणी १ हा आकडा द्यायचा असतो. कमांड लिहायची सवय नसेल तर सॉफ्टवेअरमध्येच एक्सपोर्टचे टॅग बदलून पुन्हा काढा, काही बिघडत नाही.

एक फिकेपणा जो सेटिंगनं जात नाही

शहापूर-वडगावच्या मागवाल्यांच्या घरी विणलेल्या साड्या किंवा इरकलीचा लाल पदर शूट करताना तुमच्या लक्षात येईल. जवळून घेतलेल्या शॉटमध्ये लाल अगदी गडद, पण दुरून, जिथं पदरावरच्या लाल-पांढऱ्या बारीक रेघा जवळजवळ येतात तिथं, लाल गुलाबीसर आणि विझलेला. एक्सपोर्टनंतर आणखी. आपण वापरतो त्या एच.२६४ फाइलमध्ये बहुधा ४:२:० पद्धत असते: उजेड प्रत्येक पिक्सेलचा साठवतात, पण रंग चार पिक्सेलच्या चौकटीत मिळून एकच. बारीक लाल रेघ आणि तिच्या शेजारची पांढरी रेघ एकाच चौकटीत आल्या, की दोघींचा रंग मिसळतो.

यावर सॅच्युरेशन चढवलं तर चेहरे लाल होतात आणि पदर तसाच राहतो. उपाय शूटिंगमध्येच आहे. विणकामाचा, जरीचा, पदराचा एक जवळचा शॉट घ्या. कॅमेऱ्यात ४के असेल तर ४के मध्ये घेऊन एचडी टाइमलाइनवर वापरा, रेघा बऱ्याच सुटसुटीत येतात. ज्यानं महिनाभर मागावर बसून तो लाल विणलाय, त्याचा लाल नीट दिसायला हवा.

पोचवताना

व्हॉट्सअॅपवर गॅलरीतून पाठवलेला व्हिडिओ पुन्हा कॉम्प्रेस होतो. नमुना दाखवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आहे तशी फाइल जाते. यूट्यूबवर अपलोड झाल्या झाल्या कमी दर्जाची आवृत्ती आधी दिसते, एचडी मागाहून तयार होते. लगेच बघून घाबरू नका. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात बसत नाही. एक्सफॅट करा, पण गिऱ्हाइकाचा जुना टीव्ही तो वाचतो का ते विचारून घ्या. टीव्ही व्हिविड मोडवर असेल तर सिनेमा किंवा मूव्ही मोडवर करून दाखवा, चेहऱ्याचा रंग लगेच माणसासारखा होतो. आणि तुमच्या स्वतःच्या स्क्रीनवर नाइट लाइट चालू ठेवून ग्रेडिंग केलं असेल, तर वर लिहिलेलं सगळं करूनही रंग चुकणारच. कामाला बसताना ते आधी बंद करा.

खानापूरच्या त्या घरी मी नंतर तिसऱ्यांदा गेलो. पहिल्या प्रोजेक्टची प्रत हार्डडिस्कवर तशीच होती, म्हणून जुन्या ग्रेडिंगवरून फिल्म पुन्हा काढता आली. या वेळी लॅपटॉप जोडलाच नाही, पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावला. सुरुवातीला काळं कार्ड दोन सेकंद येऊन गेलं, मग मांडव, मग शालू. आई पुढं सरकून बसली आणि म्हणाली, "हां, हा आमचा शालू." तेव्हापासून प्रत्येक लग्नाचं प्रोजेक्ट, ग्रेडिंग बदलायच्या आधीच्या प्रतीसकट, मी वर्षभर पुसत नाही.